अस्थिवहन की हाडातून ऐकणं?

चष्मेवाली:
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 'बोन कंडक्शन इम्प्लांट'ला, म्हणजे कानामागच्या हाडात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, 'अस्थिवहन रोपण' लिहिलं. एका आजोबांना वाचायला दिलं, तर म्हणाले, "अस्थी? अगं, अजून आहे मी!" उष्णतेचं वहन शाळेत सगळे शिकलोय, मग 'वहन' चालेल ना? की दुसरा शब्द आहे?

कानसेन:
जितेपणी हाड, मेल्यावर अस्थी. 'हाडातून ऐकणं' लिहा, विषय संपला.

तत्सम:
कसा संपला? अस्थिभंग काय मेल्यावर होतो? समासात ऱ्हस्व 'अस्थि' येतो, तिथे कलश आठवायचं कारण नाही. उद्या 'हाडवहन' कराल, तर हाडं भरलेला टेम्पो दिसेल.

नादखुळी:
मी ऑडिओलॉजिस्ट, लोकांचं ऐकणं तपासते. शब्द नंतर, आधी हे करायला सांगते: दोन्ही कानांत बोटं घालून 'म्‌ऽऽ' म्हणा. कान बंद, तरी आवाज वाढला ना? तो हाडातून आला. हे यंत्रही तसंच. कानाचा पडदा, हातोडी-ऐरण-रिकीब ही मधल्या कानातली हाडं, सगळ्यांना वळसा घालून कंप थेट आतल्या कानाला. मग लोक आपणच 'हाडावरचं मशीन' म्हणतात. घोळ 'रोपण'मध्ये आहे. ते 'प्रत्यारोपण' ऐकतात आणि विचारतात, "हाड कुणाचं बसवणार?"

तत्सम:
प्रत्यारोपण चूकच. रोपण मात्र चपखल. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडिश संशोधक ब्रोनमार्क यांच्या लक्षात आलं, आणि १९७७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला असा स्क्रू ऐकण्यासाठी कानामागे बसवला गेला. रुजतो तो, म्हणून रोपण.

कानसेन:
रोप वाढतं हो. स्क्रू वाढला तर? आणि तुम्हीच आत्ता 'बसवला' लिहिलंत! एकजीव होण्याला तर आपल्याकडे आयता शब्द आहे: हाडीमाशी खिळणं.

नादखुळी:
खिळणं नको, पेशंट पळून जाईल! मी म्हणते, "हाडाने स्क्रू धरायला वेळ लागतो, तोवर वरचं यंत्र लावायचं नाही." शिवाय काही प्रकारांत कातडीखाली चुंबक असतं, बाहेर स्क्रूचं टोक दिसतच नाही. त्याला काय खिळवणार?

चष्मेवाली:
पण 'वहन'चं काय? उद्या छपाईला द्यायचंय.

तत्सम:
खिळा 'कील'वरून आला, हे माहीत आहे ना?

कानसेन:
आणि कामाला बसते ती खीळ? ती खिळ्याची सख्खी की चुलत?