‘धनगरवाड्यांना रस्ता नको’ म्हणणाऱ्यांना

सडेकर
काल इथं एकानं दाजीपूरच्या सहलीवर लिहिलं. काजवे बघितले, धनगरवाड्यावर ताक प्याले, आणि शेवटी म्हणे, ‘या वाड्यांना रस्ता देऊ नका, ही माणसं आपल्यापेक्षा सुखी आहेत.’ खाली बदामांचा खच. रात्रभर डोक्यातनं गेलं नाही, म्हणून लिहितोय.

माझा जन्म राधानगरी तालुक्यातल्या अशाच वाड्यावरचा. अकरा घरं. डांबरीपासून दोन तासांची चाल. तुम्ही मे अखेरीला आला होता. जुलैत या. घोंगडं आठ-आठ दिवस वाळत नाही. जळण मे महिन्यातच पडवीत रचून ठेवायचं, नाहीतर चूल पेटत नाही. मीठसुद्धा चुलीवरच्या माळ्यावर, नाहीतर पाणी होतंय त्याचं. जळवांसाठी तंबाखूची पुरचुंडी कमरेला. ओढा भरला की मास्तर येत नाहीत, म्हणजे शाळा बंद. नाचणा हाताशी आला की गवे उतरतात, मग रात्री माळ्यावर डबा बडवत बसायचं.

2009 च्या जुलैत नाचण्याच्या लावणीत आईला साप चावला. दिवेलागण झालेली, तिनं नुसती शेपटी बघितली. चादरीची झोळी बांबूला बांधून आम्ही चौघं निघालो. ओढा उतरेना. पहाटेपर्यंत काठावर बसलो, आईचा हात कोपरापर्यंत सुजलेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चापडा असावा. लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची, चापड्याला ती लागू पडत नाही. आई वाचली, बोट गेलं. हे तुमचं सुख.

रानवाटा
कालची पोस्ट माझीच. सुखाचं वाक्य भाबडं होतं, मागे घेतो. रस्त्याचं घेत नाही. वीस वर्षं मी हे रान पायी फिरतोय. 351 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. चांदोलीकडून तिलारीकडे जाणाऱ्या वाघाला हीच वाट आहे. रस्त्यावरून रुग्णवाहिका एकदा येते, जमिनीचे दलाल रोज येतात. आणि तुमच्याच गोष्टीत चापड्यावर औषध नव्हतं. मग रस्ता असता तरी काय फरक पडला असता?

सडेकर
आई कुणाची होती हे विसरून लिहिलंत. त्या रात्री चापडा की घोणस हे आम्हाला ठाऊक होतं का? घोणस असती तर पहाटेला आम्ही मढं उतरवलं असतं. सलाइन, सूज, किडनी, हे बघायला तरी माणूस दवाखान्यात पोचायला लागतं.

आणि जमीन विकणारे आम्ही नव्हे. धनगरवाड्यावर सातबारा कुणाच्या नावावर असतो ते एकदा बघून या.

पुईखडीवाला
दोघांनीही पाण्याचं बोला. ते रान टिकलं तरच काळम्मावाडीचं धरण भरतंय. त्या धरणातनं शहरापर्यंतच्या थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षं मोर्चे काढले! 2023 च्या दिवाळीत शहराजवळच्या पुईखडीला पाणी पोचलं, लोकांनी पेढे वाटले. तरी आमच्या गल्लीत आजही टँकरची वाट बघतोय.

उपनगर_करवीर
तुमच्याकडं टँकर तरी येतो भावा. आमच्याकडं पहाटे चारला पाऊण तास पाणी. मोटर लावणारे वरचे मजले सगळं ओढतात.

पुईखडीवाला
वरच्या मजल्यावर मीच राहतो. मोटर लावू नको तर काय करू? आधी शिंगणापूरच्या उपशाचं पंचगंगेचं पाणी प्यायचो, ते काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

उपनगर_करवीर
म्हणजे खालच्यांनी तहानलेलं राहायचं! तुमच्यासारख्यांमुळंच गल्लीगल्लीत भांडणं लागलीत.

सडेकर
थांबा. ज्या डोंगराचं पाणी पन्नास किलोमीटर नळातनं तुमच्याकडं येतंय, त्या डोंगरावर एप्रिलमध्ये माझी वहिनी वाटीवाटीनं झऱ्यातनं घागर भरते. सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, सगळा जांभ्या दगडाचा. पाऊस धो धो पडतो आणि तसाच खाली जातो. तुम्ही पाऊण तासावर भांडताय. तिला एका घागरीला पाऊण तास लागतो.

उपनगर_करवीर
हे माहीत नव्हतं. तरी मोटरचं मी सोडणार नाही.

शहाणा_माणूस
साधा उपाय आहे. खाली आणून वसवा. व्याघ्र प्रकल्पात कुटुंबाला 15 लाख देतात, अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरतात.

वारणाकाठ
हे लिहायला तुम्हाला दोन मिनिटं लागली. आम्ही चांदोलीतून उठलेले. 1985 ला अभयारण्य झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान. वडिलांना खाली जमीन दाखवली ती दुसरा कसत होता. तो काठी घेऊन उभा. वडील त्याला म्हणाले, ‘तुझंही बरोबर आहे,’ आणि परत आले. पुढची दहा वर्षं मोर्चा, ठिय्या, अर्ज. हिरडा गोळा करणारा, मधाची पोळी हेरणारा माणूस उसाच्या टोळीत मोळ्या बांधत मेला. पैसा दोन वर्षांत संपतो. पुन्हा उपाय सुचवायच्या आधी एखाद्या वसाहतीत राहून बघा.

शहाणा_माणूस
प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, पण एका घरावरून धोरण ठरत नाही.

वारणाकाठ
एका सहलीवरून ठरवलेलं चालतं का?

मास्तर_भुदरगड
2006 चा वनहक्क कायदा कुणी काढला नाही म्हणून सांगतो. कलम 3(2). शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस हवी. तीन मीटर रुंदी धरली तर हेक्टरात सव्वातीन किलोमीटर बसतो. माझ्या भागात पाटगावला मधाचं गाव केलं, सातेरी माशीच्या पेट्यांवर घरं चालतात. माणूस रानात राहिला म्हणून रान संपलं नाही.

रानवाटा
अभयारण्यात 1972 चा वन्यजीव कायदाही लागतो, तुम्ही सांगता तितकं सोपं नाही. पाटगावला आधीपासून रस्ता आहे, तीही तुलना पटली नाही. पण कलम 3(2) मी वाचलं नव्हतं, हे खरं. पायथ्याला फाटक, रात्री बंद, बाहेरच्या गाड्यांना मनाई, एवढं ग्रामसभेच्या ठरावात लिहिणार असाल तर माझा विरोध नाही. पाठिंबाही नाही.

सडेकर
फाटकाची किल्ली वाड्यावर राहणार असेल तर लिहू.

आणि एक मलाही कबूल करायला हवं. त्या रात्री आम्ही रस्ता नाही म्हणून अडलो नव्हतो, ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, नव्हता म्हणून अडलो. दोन तासांची चाल आम्ही झोळी घेऊन चाललोच असतो. सोळा-सतरा फुटांचा साकव. त्याला किती झाडं पडतात, रानवाटा, तुम्ही ती जागा बघितली आहे. सांगा.

रानवाटा
ती जांभळीखालची जागा ना? एकही नाही.

सडेकर
मग ठरावात पहिलं साकव घालतो. तुमचं पत्र जोडणार का?

रानवाटा
साकवापुरतं देतो. रविवारी वर येतो, मोजमाप बरोबर घेऊ.