'जबाबदार', 'दोषी' आणि 'असल्या मुली' : एका नाटकातले शब्द

प्रश्न :

जे. बी. प्रीस्टली यांच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकातल्या काही प्रवेशांचं मराठी करतो आहे. ईव्हा स्मिथ या कामगार मुलीच्या मृत्यूशी इन्स्पेक्टर बर्लिंग घरातल्या एकेकाचा संबंध दाखवत जातो. तिथे मी कधी 'दोष' लिहिलं, कधी 'अपराध', कधी 'जबाबदारी', एकदा तर 'उत्तरदायित्व'. सलग वाचलं की पात्रं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत असं वाटतच नाही. यांतला फरक कसा ठरवावा? शिवाय या नाटकात वर्गभेद पदोपदी आहे, पण 'वर्ग' हा शब्द संवादात आला की भाषणासारखा वाटतो. दुसरं काय वापरता येईल?

प्रतिसाद :

'अपराध' आणि 'गुन्हा' आधी बाजूला काढा, कारण नाटकाचा सगळा पेच त्यांच्या पलीकडे आहे. घरचा कर्ता, कारखानदार ऑर्थर बर्लिंगनं 1910 च्या सप्टेंबरात ईव्हाला कामावरून काढलं. आठवड्याला 22 शिलिंग 6 पेन्स मिळत होते, तिनं आणि इतरांनी 25 मागितले, संप झाला, फसला आणि पुढाकार घेणाऱ्यांना त्यानं घरी बसवलं. त्याच्या मुलीनं, शीलानं मत्सरापोटी तक्रार करून तिची दुकानातली नोकरी घालवली. शीलाचा वाग्दत्त वर जेरल्ड क्रॉफ्ट यानं काही महिने तिला आधार दिला, ठेवून घेतलं आणि मग सोडलं. बर्लिंगच्या बायकोनं, सिबिलनं मदतसंस्थेच्या समितीत बसून तिचा अर्ज फेटाळायला लावला. यातल्या कशासाठीही पोलीस कोणाला धरून नेणार नाहीत. बर्लिंगचा मुलगा एरिक याची गोष्ट वेगळी. त्यानं तिच्यावर जबरदस्ती केली आणि वडिलांच्या कचेरीतले पैसे चोरले. तिथे 'गुन्हा' शब्द खुशाल वापरा, किंबहुना तो एरिकसाठीच राखून ठेवा.

मुख्य शब्द 'जबाबदारी' हाच. त्याचं कारण नाटकाच्या रचनेतच आहे. जबाब म्हणजे उत्तर. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, त्याला 'दार' जोडलं की उत्तर देणं ज्याच्याकडे लागतं तो. आपल्याकडे पोलीस आजही 'जबाब घेतात', 'जबाब नोंदवतात'. 'जाब विचारणे' मधला जाबही त्याच कुळातला. इन्स्पेक्टर गूल तिन्ही अंकांत दुसरं काय करतो? एका वेळी एकाचा जबाब घेतो आणि पुढच्या पायरीवर त्यालाच जाब विचारतो. चौकशी, जबाब, जाब, जबाबदारी अशी चढत जाणारी ओळ मराठीत आयती मिळते आहे. ती 'उत्तरदायित्व' लिहून तोडू नका.

पण एवढ्यानं भागत नाही. 'जबाबदार' ला कोणतं क्रियापद जोडलं जातं, तिथे माणूस कळतो. जबाबदारी घेतात, पेलतात, सोपवतात, ढकलतात, टाळतात, झटकतात. बर्लिंग झटकतो. ज्यांच्याज्यांच्याशी आपला संबंध आला त्या प्रत्येकाचं जे होईल त्याला आपणच जबाबदार असू तर मोठी पंचाईत व्हायची, असा त्याचा सूर आहे. ('पंचाईत' त्याच्या तोंडी शोभेल. नैतिक प्रश्नाला तो व्यवहारातली अडचण समजतो.) शीला विचारते, म्हणजे मीच जबाबदार का? इन्स्पेक्टरचं उत्तर असं की पूर्णपणे नाही, पण काही अंशी दोष तुझाही आहे. ही वाटणी मराठीत जपायला हवी. 'दोष' चे वाटे पडू शकतात, तो कमीजास्त असू शकतो. 'जबाबदारी' मात्र शीला अख्खी अंगावर घेते, नाटक संपेपर्यंत खाली ठेवत नाही.

सिबिलचं क्रियापद तिसरंच आहे, आणि माझ्या मते नाटकातली सगळ्यात धारदार जागा तीच. ती 'जबाबदार असत' नाही, ती 'जबाबदार धरते'. मुलीच्या पोटातल्या बाळाच्या बापाला जबाबदार धरा, त्याच्यावर कडक कारवाई करा, असं ती इन्स्पेक्टरला बजावते. तो बाप एरिक आहे हे प्रेक्षकाला तिच्याआधी कळतं. म्हणून या प्रवेशात 'जबाबदार धरणे' तिच्या तोंडी दोनतीनदा यायला हवं, शब्द न बदलता. तुम्ही एकदा 'दोषी', एकदा 'कारणीभूत' असं केलंत तर सापळा मिटणारच नाही.

दुसरा प्रतिसाद :

वर्गाबद्दल थोडं. सिबिल ईव्हाच्या थरातल्या मुलींविषयी ज्या तुच्छतेनं बोलते, तिच्यासाठी मराठीत एक छोटासा शब्द बसलेला आहे : 'असल्या'. 'अशा मुली' आणि 'असल्या मुली' यांत अर्थाचा फरक जवळजवळ नाही, अंतराचा मात्र आहे. 'असल्या मुली कधी आलेले पैसे नाकारतात का?' या एका वाक्यात तिचा सगळा समज येतो, कारण ईव्हानं चोरीचे पैसे घ्यायला खरोखरच नकार दिला होता आणि सिबिलला ते खरं वाटूच शकत नाही. 'कामगारवर्ग', 'खालचा स्तर' वगैरे इथे नको.

'पायरी' हाही घ्या. 'आपली पायरी ओळखून राहावं' ही आपल्याकडची जुनी आणि अजून जिवंत असलेली ताकीद आहे. ती बर्लिंगलाही लागू पडते हे विसरू नका. तो कारखानदार, शहराचा माजी लॉर्ड मेयर, पण बायको त्याच्यापेक्षा वरच्या घरातली, आणि होऊ घातलेल्या जावयाचे आईवडील त्याहून वरचे. त्याची नजर 'सर' या किताबावर आहे. म्हणून जेरल्डच्या क्रॉफ्ट कुटुंबाला 'घरंदाज' म्हणा, बर्लिंगना 'प्रतिष्ठित' म्हणा, आणि 'घरंदाज' बर्लिंगसाठी चुकूनही वापरू नका. 'पांढरपेशे' तर कोणालाच लागू नाही, त्या शब्दात नोकरी आणि लेखणी येते.

शेवटच्या अंकात हा माणूस खरा इन्स्पेक्टर नव्हता असं कळल्यावर बर्लिंगला हायसं वाटतं. तिथे त्याला 'बोभाटा' ची काळजी असते. 'बोभाटा झाला नाही म्हणजे सुटलो', एवढंच त्याचं गणित. 'बदनामी' पेक्षा 'बोभाटा' बरा, कारण बदनामीत काहीतरी वाईट केल्याची कबुली डोकावते, बोभाट्यात फक्त गोष्ट बाहेर फुटल्याचं दुःख असतं.

तिसरा प्रतिसाद :

'उत्तरदायित्व' अगदीच टाकाऊ नाही. 'दायित्व' हिशेबाच्या भाषेत राहू द्या, पण नाटकाच्या काळाचा एक पदर लक्षात घ्यावा. गोष्ट 1912 ची, लेखन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचं, पहिला प्रयोग 1945 मध्ये सोव्हिएत संघात आणि लंडनला 1946 मध्ये. ब्रिटनमध्ये तेव्हा सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहत होती, 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. एकमेकांचं आपण देणं लागतो हा विचार तेव्हा घरातून कायद्यात येत होता. त्यामुळे इन्स्पेक्टरचं जाण्यापूर्वीचं भाषण संस्कृतप्रचुर केलं तर मला वावगं वाटत नाही.

पहिला प्रतिसादक :

इथे मी सहमत नाही. ते भाषण श्रोत्यांना उद्देशून असलं तरी तो बोलतो ईव्हासारख्या लाखो साध्या माणसांबद्दल. ती माणसं ज्या शब्दांत बोलतात त्यांतच ते यावं. काळाचा पदर प्रस्तावनेत सांगता येईल.

प्रश्नकर्ता :

'धरणे' आणि 'असणे' चा भेद मनापासून पटला. सिबिलचा प्रवेश त्याप्रमाणे नव्यानं केला. आता एक शेवटचं. ती स्वतःच्या वागण्याचं समर्थन करताना 'मी माझं कर्तव्य केलं' अशा अर्थाचं म्हणते. तिथे चुकून 'जबाबदारी पार पाडली' लिहून गेलो होतो. बदलू ना?

पहिला प्रतिसादक :

नक्की बदला. 'कर्तव्य' तिच्याकडेच राहू द्या. समितीच्या सभासदाचं कर्तव्य नियमाप्रमाणे पार पडतं, त्याला समोर उभ्या असलेल्या मुलीकडे बघावं लागत नाही. बाकी कोणाच्याही तोंडी तो शब्द येणार नाही एवढं पाहा.