इंकस्केप: फ्लिप केलं की मोर उडतो, लेसरवर पुन्हा सरळ होतो

दांडियाबाजारी: मंडळाच्या मखराला दोन पॅनल करायचेत. १८ × ३६ इंच, ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली शीट), बडोद्यात मकरपुऱ्यात लेसरवर कापून घेणार. चित्र इंकस्केपमध्ये, म्हणजे फुकटच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये. डाव्या मोराची कॉपी काढून फ्लिपला (आरशासारखं उलटवायला) एच दाबलं की ती भलतीकडे जाऊन पडते. आणि लेसरवाल्याच्या स्क्रीनवर दोन्ही मोर एकाच दिशेला तोंड करून! सॉफ्टवेअरवर खर्च शून्य. 'दुसरं घ्या' म्हणू नका.

कोरलभक्त: कोरलड्रॉ घ्या, विकतचं ड्रॉइंग सॉफ्टवेअर. कंट्रोल दाबून बाजूचं मधलं हँडल पलीकडे ओढा, सोडायच्या आधी राइट क्लिक. मूळ जागेवर, कॉपी कडेला कड लावून. फुकटच्या मालात हे असंच व्हायचं.

नोडवाला: त्यांनी शून्य म्हटलंय हो. दोन वेगळे घोळ आहेत. पहिला: मोरावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात आणि मध्ये बारीक फुली. बाण दिसत असताना एच दाबलं तर फ्लिप त्या फुलीभोवती होतो. फुली चुकून सरकली असणार. शिफ्ट धरून तिच्यावर क्लिक करा, मध्यावर येते. कॉपी शेजारी हवी असेल तर तीच फुली पॅनलच्या उजव्या कडेवर ओढून ठेवा (स्नॅप चालू, म्हणजे ती कडेला चिकटते), कंट्रोल-डीने कॉपी काढा, बाण दिसतायत ना ते बघा, मग एच. जोडी नेमकी बसेल.

रावपुरा_आर्ट: ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा) उलटत नसेल तर सिलेक्टरच्या (निवडायच्या बाणाच्या) पट्टीवर उजव्या टोकाची चार बटणं बघा. ग्रेडियंटचं बंद असलं की आकार फिरतो, रंग जागेवर.

नोडवाला: एमडीएफ कापायला ग्रेडियंट? असो. दुसरा घोळ: मोर ग्रुपमध्ये आहे. ग्रुप फ्लिप केला की ग्रुपच्या ट्रान्सफॉर्ममध्ये (आकार कसा फिरवायचा याच्या नोंदीत) नुसता उणे एक बसतो, आतल्या पाथचे (रेघांचे) आकडे तेच राहतात. कापायची काही सॉफ्टवेअरं तो ट्रान्सफॉर्म वाचतच नाहीत. कंट्रोल-शिफ्ट-जी करून ग्रुप पूर्ण सोडा, क्लोन (मूळाला जोडलेली कॉपी) असेल तर आधी शिफ्ट-ऑल्ट-डीने तो तोडा, मग सेव्ह. फ्लिपच्या आधी मोराबरोबर कोपऱ्यात १० मिमीचा 'र' ठेवा. लेसरवाल्याच्या स्क्रीनवर तोही उलटा नसला तर फाइल धडपणे गेलेली नाही.

कोरलभक्त: मशिनवरही मिरर चालू असतो कधी कधी. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. मीच सांगितलं.

हलकं_बरं: सनबोर्ड वापरा, वजन नाही.

नोडवाला: सनबोर्ड पीव्हीसीचा. लेसरवर क्लोरीनवाला धूर, माणसाला आणि मशिनला दोघांना वाईट. राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशिनवर) कापा.

सोंडेचा_विषय: पॅनलवर गणपती असेल तर फ्लिप करूच नका! डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो, मग सोवळं कोण पाळणार? मोदकही दुसऱ्या हातात जातो. स्वस्तिकही उलटा होतो.

कोरलभक्त: डावी म्हणजे बघणाऱ्याची का देवाची?

सोंडेचा_विषय: देवाची. सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा, अष्टविनायकांत तेवढाच एक.

दांडियाबाजारी: गणपती नाही, स्वस्तिक आहे, तो वेगळा कापून चिकटवतो. बाकी फ्लिपच करत नाही. डावाच मोर दोन नग कापून घेतोय, एक हाताने पालथा घातला की झाला उजवा. रंग नंतर.

नोडवाला: पिसांवरच्या कोरीव रेघा मागच्या बाजूला जातील.

दांडियाबाजारी: डोळे आरपार काढतो. फाइल गेली.

कोरलभक्त: कोरलमध्ये केलं असतं तर अजून सोपं.