दिवाळीच्या विकेंडला रानात टेंट टाकायचाय, गोव्यात कुठे जमेल?

फोंडेकर_८
नमस्कार मंडळी. चवथीच्या सेलमध्ये उत्साहाच्या भरात चार माणसांचा टेंट घेतला, आतापर्यंत दोनदा उभा केला आणि दोन्ही वेळा हॉलमध्ये, पोरं त्यात बसून मोबाईल बघतात. आता पाऊस सरत आलाय आणि नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री आमच्या वाड्यावर पहाटेपर्यंत जो डीजे वाजतो तो यंदा ऐकायचा नाही असं आम्ही नवराबायकोनी ठरवलंय (गेल्या वर्षी खिडकीच्या काचा थरथरत होत्या, खोटं नाही सांगत). दोन फॅमिली, पोरं ७ आणि १० वर्षांची. मोले अभयारण्यात टेंट टाकू देतात का? छोटी शेकोटी, थोडं बार्बेक्यू, बस एवढंच. नाहीतर बीच चालेल का? बायकोला सापाची भीती आहे, मला नाही असं मी तिला सांगितलंय.

रानगवा_वाळपई
दादा, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, अभयारण्य म्हणजे बाग नव्हे. मोलेचं भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर, त्यातला १०७ चौ.किमी.चा गाभा राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्याशिवाय आत शिरायला आणि राहायला बंदी आहे आणि आग लावण्याबद्दल वेगळं कलम आहे, त्यामुळे तुमची शेकोटी आणि बार्बेक्यू दोन्ही गेटच्या बाहेरच. दिवसा तिकीट काढून फिरा, कुळ्यावरून जीपने दूधसागर बघा, तांबडी सुर्लाचं देऊळ बघा (कदंबांच्या काळातलं, काळ्या पाषाणाचं, पोरांना त्यातलं काही कळणार नाही पण मागच्या ओढ्यात पाय घालून बसायला आवडेल). आणि दूधसागरला रेल्वे रुळावरून चालत जायचं डोक्यात असेल तर तेही काढा, त्याला बंदी आहे आणि रेल्वे पोलीस लोकांना धरतात.

रात्र काढायची असेल तर मोलेला जीटीडीसीचं (गोवा पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट आहे. पण तुम्हाला टेंटच हवाय ना, तर पुढे वाचा, कोणीतरी सांगेलच.

अवांतर: म्हादई अभयारण्यात २०२० च्या जानेवारीत चार वाघ मेलेले सापडले होते, आठवतंय का? म्हणजे आमच्याकडे वाघ आहेत. टेंटमधून रात्री लघवीला उठणार त्या माणसाला हे माहीत असलेलं बरं.

किनारेवाला
एवढं काय टेन्शन, गालजीबागला जा, सुरूच्या झाडांखाली टेंट, समोर समुद्र, माणूस नाही काणूस नाही.

काणकोणची_काकी
किनारेवाला बाबा, गालजीबागला माणूस नाही ते कासवांसाठी नाही! मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग, ह्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखण करतं, आणि तुम्ही तिथे रात्री एलईडी लावून गाणी म्हणणार? उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत पाण्यात जाते. शिवाय किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक आणि दारू, दोन्हीला दंड आहे, २०१९ मध्ये तो एकट्याला २ हजार, ग्रुपला १० हजार होता.

फोंडेकरबाब, आमच्या खोतीगावला या. ८६ चौ.किमी., काणकोणच्या चावडी बाजाराच्या पुढे कारवारच्या रस्त्याला डावीकडे वळायचं. आत झाडावरचा मचाण आहे, पहाटे नशीब असेल तर गवा दिसतो, नाहीतर शेकरू तरी नक्की. वनखात्याची कॉटेजेस आहेत, पण दिवाळीला आयत्या वेळी मिळणार नाहीत, आधी फोन करा. आणि वेळीप वाड्यावरच्या बाया वाटेत चिबूड, भाजी विकायला बसल्या असतील तर घेऊन जा, घासाघीस करू नका.

फोंडेकर_८
काकी, समजलं, बीच कॅन्सल. पण कॉटेजमध्ये राहायचं तर टेंटचे पैसे वाया गेले असं बायको म्हणते आणि ती बरोबर आहे. बोंडला कसं आहे? फोंड्याहून जवळ म्हणून.

रानगवा_वाळपई
बोंडला जेमतेम ८ चौ.किमी., चोडणचं पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातलं सगळ्यात लहान अभयारण्य, प्राणिसंग्रहालय आहे, पोरांना एकदम बेस्ट. गुरुवारी बंद असतं. कॉटेजेस तिथेही आहेत, टेंटचं मात्र तेच, आत नाही.

कुळागरवाला
टेंटवाल्या लोकांना मी एकच सांगतो, कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. ओळखीच्या कोणाचं तरी कुळागर फोंडा, सांगे, केपें, कुठेतरी असतंच, गोव्यात नातं काढायला पाच मिनिटं लागतात. मालकाला विचारायचं, जागेच्या राखणदार देवाला नारळ द्यायचा, झरीचं पाणी आहे, सावली आहे, पाटाचा आवाज आहे, गाडी जवळपर्यंत जाते आणि परवाना मालकाचा. मी गेल्या वर्षी माझ्या मावसभावाच्या कुळागरात दोन रात्री काढल्या, आणि आता चुका ऐका.

पहिली रात्र, मी टेंट पोफळींच्या मधोमध टाकला कारण फोटो छान येतो. रात्री दहाला ढग आले. ऑक्टोबरचा पाऊस परतीचा असतो, दिवसभर ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी ढगफुटी झाल्यासारखा गडगडाट, त्यात वारा. पोफळीची एक सुकी झावळ टेंटच्या वरच्या कापडावर आली, झावळ काय, अख्खी फळीच पडली म्हणा, कापड टराटरा फाटलं. पोफळ, माड, दोघांच्या खाली झोपायचं नाही, हे आमच्या आजीला माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. दुसरी चूक, मी सखल जागेत टाकला, बागेचा पाट तिथूनच जातो, पहाटे तीनला मॅटखाली पाणी. बायको काही बोलली नाही, गाडीत जाऊन झोपली.

तर जागा थोडी उंच, उघडी, वर फांदी नाही, खाली घट्ट जमीन. ताडपत्री टेंटपेक्षा थोडी लहानच पसरायची, बाहेर आली तर पाऊस तिच्यावर पडून सगळं पाणी टेंटखाली येतं. आणि जेवण आत ठेवू नका, माकडं आणि उदमांजर दोघं हुशार असतात, माझी पोई (आमचा गोव्याचा पाव) उदमांजराने नेली.

सत्तरीची_आई
सापाचं मी सांगते, पण तुमच्या बायकोला नव्हे, तुम्हाला. रात्री बूट बाहेर ठेवायचे नाहीत, ठेवलेच तर सकाळी उलटे करून आपटायचे, आणि टॉर्चशिवाय पोराला मुतायला पाठवायचं नाही. जळवा ऑक्टोबरात ओल्या जागी अजून असतात, लागली तर ओढू नका, मीठ लावा, सुटते. पण सापापेक्षा मला गोचिडाची काळजी जास्त. सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये पाली गावात माकडताप आला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो, तो गोचिडातून येतो, मरून पडलेलं माकड दिसलं की लगेच खात्याला कळवायचं असतं. जास्त करून डिसेंबर ते मे त्याचा सीझन, आमच्याकडे काजूवाले तेव्हा रानात असतात. तुम्ही नोव्हेंबरच्या आधी जाताय म्हणून धोका कमी, तरी सुक्या पानांवर लोळायचं नाही, लांब पँट मोज्यात खोचायची, आणि घरी आल्यावर पोरांना कपडे काढून कान, काख, गुडघ्यामागे नीट तपासायचं. आंघोळ घातली म्हणजे झालं असं नव्हे. आणि फोनला रेंज कुठे मिळते ते दिवसाच बघून ठेवा, १०८ लावायची वेळ आली तर रात्री शोधत बसणार का?

टिपटॉप
तिलारीला जा ना, दोडामार्गातनं अर्धा तास.

रानगवा_वाळपई
तिथे रानटी हत्ती फिरतात भाऊ, आणि वाघाचं कॉरिडॉर म्हणून राखीव संवर्धन क्षेत्र झालंय. सात वर्षांचं पोर टेंटमध्ये आणि बाहेर हत्ती. तू पाठव तुझं.

फोंडेकर_८
आलो परत मंडळी, आज कपडे वाळत घातलेत. बायकोच्या आत्येचं कुळागर सावयवेऱ्याला निघालं, म्हणजे होतंच, आम्हाला पंधरा वर्षांत कधी आठवलं नाही. शनिवारी दिवसभर बोंडला, मग टेंट. कुळागरवाल्याने सांगितल्याप्रमाणे पोफळीपासून लांब, आत्येच्या घरासमोर जिथे सुपारी वाळत घालतात त्या खळ्यावर टाकला, आत्ये म्हणाली अरे मग घरातच झोपा की. रात्री साडेआठला कोसळला, पण खाली पाणी नाही, फक्त वरून थेंब, तो टेंटचाच दोष, पैसे परत मागणार आहे. साप दिसला नाही. पोफळीवर काहीतरी सुपारी कुरतडत होतं, वटवाघळं असं आत्ये म्हणाली. पोरांनी टॉर्च मारून बेडूक मोजले, २७ झाले, मोठा म्हणतो एक दोनदा मोजला. मोबाईल कोणी मागितला नाही कारण रेंजच नव्हती (रेंज झरीकडे जाणाऱ्या वाटेवर एका दगडावर मिळते, सत्तरीच्या आईंनी सांगितलेलं पाळलं). पहाटे कारीट पायाने फोडलं, आत्येनी फोव (पोहे) दिले, आणि पलीकडच्या वाडीवरचा नरकासुराचा डीजे तिथेही पहाटे चारपर्यंत ऐकू आला.

टिपटॉप
कुळागर कुठलं, सांगणार का? आम्ही सहा जण आहोत, व्यनि करा.

फोंडेकर_८
आत्येला विचारलं, ती म्हणाली तुम्ही आलात ते पुरे.