मदत हवी आहे: केजमध्ये अंतर ठेवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी भूमिगत कोळसा खाणीत शिफ्ट सुपरवायझर आहे, कोरोनाची साथ सुरू झाल्यापासून झोप उडालीय, इथे कोणी खाणीतलं असेल तर प्लीज सांगा. वर ऑफिसात सगळं जमलं, टेबलं लांब झाली, खिडक्या उघडल्या. पण खाली उतरायची केज म्हणजे लोखंडी पिंजरा, त्यात चाळीस जण खांद्याला खांदा लावून चार मिनिटं उभे. परवा एकाला खोकल्याची उबळ आली तर शेजारच्यांनी मान वळवली, पण वळवून वळवून कुठे वळवणार, तिकडेही कोणाचं तरी तोंडच. वीस-वीस जण सोडून बघितले, तर शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी वाट बघणाऱ्यांचीच गर्दी व्हायला लागली.

मास्कचंही तसंच. धुळीसाठी मिळालेले मास्क व्हॉल्व्हवाले आहेत, म्हणजे घेतलेली हवा गाळली जाते पण सोडलेला श्वास तसाच बाहेर. त्यावर कापडी मास्क चढवला तर ड्रिलवाल्यांना दम लागतो. सॅनिटायझर अल्कोहोलचा, पेट घेणारा, तो खाली न्यायचा प्रश्नच नाही.

आणि सगळ्यात जास्त खुपतंय ते हे की ताप आला तर घरी बसायचं, पण पगार कापला जातो. मग पोरं पॅरासिटामॉल घेऊन येतात आणि गेटवरच्या थर्मल गनवर ९८ दिसतं. मी त्यांना दोष नाही देत. २०२० च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत १६४ जण पॉझिटिव्ह निघाले, बहुतेकांना लक्षणंच नव्हती, जूनमध्ये पोलंडने १२ कोळसा खाणींचं उत्पादन तीन आठवडे थांबवलं. आपल्याकडे तसं होऊ नये एवढंच वाटतं, जुन्या लोकांची फुप्फुसं धुळीने आधीच कमजोर आहेत हो.

प्रतिसाद:
दादा, शाफ्टवर बोलावून थांबवू नका, घरून निघायच्या वेळाच वेगवेगळ्या द्या. आम्ही गट पक्के केले, तीच माणसं एका बसमध्ये, एका केजमध्ये, एकाच फेसवर (जिथे कोळसा काढतात ती जागा), कोणी आजारी पडलं तर तेवढाच गट बाजूला होतो, अख्खी शिफ्ट नाही. केजमध्ये बोलणं बंद, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बिनव्हॉल्व्हचा एन-९५. व्हॉल्व्हवाला फक्त फेसवर, जिथे माणसं लांब लांब असतात. खाली साबण-पाणी ठेवा, सॅनिटायझरची गरज नाही. केजचे दांडे आणि लॅम्प रूमची (जिथे टोपीचे दिवे मिळतात) खिडकी दर फेरीनंतर ०.१ टक्का हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या पातळ द्रावणाने) पुसा, लगेच कोरडं करू नका, निदान एक मिनिट ओलं राहू द्या. आणि ट्रेनिंगच्या सेल्फ रेस्क्यूअरची (विषारी वायूत श्वास घ्यायला वापरायचं यंत्र) तोंडात धरायची नळी एकाची दुसऱ्याला अजिबात नको.

धागाकर्ता:
खूप आभार, गटांचं उद्यापासूनच करतो. दाढीवाल्यांच्या तोंडाला एन-९५ नीट बसत नाही, त्यांचं काय केलंत? आणि आजारपणाच्या पगारी रजेचं मॅनेजमेंटला कोणी लेखी दिलं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलंत ते सांगा, मला सोमवारच्या मीटिंगला न्यायचंय.