सारंगीवाल्या काकांचं पोर्ट्रेट, नक्की कुठं चुकलं ते सांगा

उजेडवेडा
नमस्कार मंडळी. फोटो वर टाकलाय, आधी तो नीट बघा आणि मग पुढचं वाचा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, वय ७१, सगळं आयुष्य सारंगीची साथ करण्यात गेलं, पुण्यातल्या कितीतरी मैफलींत वाजवलंय पण त्यांच्याकडे स्वतःचा म्हणावा असा एक धड फोटो नाही, जे आहेत त्यात गायक मधोमध आणि हे कडेला अर्धे कापलेले नाहीतर माईकच्या स्टँडमागे. म्हणून मीच म्हटलं काका मी काढतो तुमचा.

त्यांच्याच घरी काढला, दुपारी, खिडकीचा उजेड. फुल फ्रेम बॉडी, ८५ मिमीची लेन्स, एफ १.८, शटर १/२५०, आयएसओ ४००, अंतर साधारण दीड मीटर. काकांना म्हटलं वाजवू नका, नुसती सारंगी धरून बसा म्हणजे हलणार नाही. एडिटिंगला तीन रात्री घातल्या. चेहऱ्यावरचे आणि हातावरचे डाग काढले, कुर्त्यावर पांढरी धूळ होती ती साफ केली, आणि नजर फ्रेमच्या बाहेर जातेय असं वाटत होतं म्हणून शेवटी फोटो आडवा फ्लिप केला.

फोटोग्राफी क्लबच्या मीटिंगमध्ये दाखवला तर परीक्षक एवढंच म्हणाले की उजेड सुंदर आहे पण यांच्या हातात कुणीतरी वाद्य आणून दिल्यासारखं वाटतंय, आणि लगेच पुढचा फोटो लावला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लागलं ते काकांचं. प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली, "छान आलाय रे" म्हणाले आणि टीव्हीशेजारी ठेवून दिली, मग आपल्याच डाव्या हाताच्या बोटांकडे बघत बसले. काय खटकलं ते बोलले नाहीत. मला ते समजून घ्यायचंय, तेव्हा हातचं राखून न ठेवता सांगा.

एफ_आठ
उजेड खरंच चांगला पकडलायस, गालाच्या हाडावर जो हळूहळू उतरत गेलाय तो अजिबात घालवू नकोस. मुख्य प्रॉब्लेम मला एफ १.८ चा, म्हणजे एवढ्या उघड्या ॲपर्चरचा वाटतो. दीड मीटरवर ८५ ला डेप्थ, म्हणजे पुढंमागं शार्प राहणारी जागा, मिळते जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर. एक डोळा शार्प, दुसरा किंचित सॉफ्ट, आणि सारंगीवरचा हात त्याच्याही पुढं असल्यामुळे पूर्ण धुक्यात. बॅकग्राउंड उडवण्याच्या नादात वादकाचा हातच उडाला. मागं सरकून अंतर अडीच मीटर कर आणि एफ ५.६ ठेव, पंचवीस-तीस सेंटीमीटर मिळतील, चेहरा आणि हात दोन्ही बसतील त्यात. आयएसओ वाढेल, वाढू दे, नॉइजला, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांना घाबरू नकोस, धुक्यातला हात नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

तरफेची_तार
मला फोटोग्राफीतलं काही कळत नाही पण अकरा वर्षं सारंगी शिकतेय म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

फ्लिप केल्यामुळे काका डावखुरे झालेत. गज, म्हणजे तारांवर घासायचा धनुष्यासारखा दांडा, नेहमी उजव्या हातात असतो, तळवा वर करून धरलेला, आणि तारांवर डावा हात. तुमच्या फोटोत सगळं उलटं आहे, तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारांच्या, खुंट्यांची रांगसुद्धा उलट्या बाजूला गेली. ज्यानं पन्नासएक वर्षं हे वाद्य छातीशी धरलंय त्याला ते एका क्षणात दिसणार, त्यांना आरशातला कुणीतरी दुसराच माणूस दिसला असेल.

दुसरं म्हणजे ते डाग. सारंगी बोटांच्या टोकांनी वाजत नाही. नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती तातीला, म्हणजे आतड्याच्या तारेला, बाजूनं लावून स्वर काढतात, तार खाली दाबायची नसतेच. मुख्य तारा तीन, त्या तातीच्या, आणि खाली पस्तीसेक तरफा. सुरुवातीची दोन वर्षं नखांच्या मुळाशी कातडी सोलवटून रक्त यायचं माझ्या, मग हळूहळू तिथं घट्टा पडतो, काळसर, मध्ये खाचेसारखी रेघ. मी कुठल्याही मोठ्या सारंगियांच्या पाया पडताना पहिल्यांदा तीच रेघ बघते. तुम्ही ती पुसलीत.

आणि कुर्त्यावरची पांढरी धूळ म्हणजे टाल्कम पावडर आहे हो! बोट तातीवरून सरकावं म्हणून लावतात, मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, अडकायला नको. प्रत्येक सारंगियाच्या मांडीवर, कुर्त्यावर, वाद्याच्या मानेवर ती सांडलेली असते.

तुम्ही म्हणालात ना की काका फोटोत नेहमी कडेला, ते माझ्या मनात रुतलं. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी होती आणि तिरखवाँसाहेबांचा तबला. पुढं पेटी आली आणि सारंगीची जागा आक्रसत गेली. पंडित रामनारायण यांनी ती सोलो वाद्य म्हणून उभी केली, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. साथ करणाऱ्यांकडे मात्र अजूनही कुणी कॅमेरा वळवत नाही. तुम्ही वळवलात याचं मला फार बरं वाटलं, म्हणूनच एवढं लिहिलं. प्लीज परत काढा.

जुनी_रीळ
वरच्या ताईंचं पटलं, पण फोटोत हात आणि वाद्य दिसलंच पाहिजे असा नियम करू नका. १९५४ मध्ये यूसुफ कार्श यांनी फ्रान्समध्ये प्राद इथल्या जुन्या मठात पाब्लो कासाल्स यांचा फोटो काढला तो चक्क पाठमोरा आहे, चेलो वाजवणारा माणूस आणि वर भिंतीत एक लहानशी खिडकी, चेहरा नाहीच. तरी तो माणूस वाजवतोय याबद्दल शंका राहत नाही. उलट अर्नोल्ड न्यूमन यांचा १९४६ चा स्ट्राविन्स्कीचा फोटो बघा, पियानोचं उघडं झाकण म्हणजे फ्रेमभर काळा आकार, आणि संगीतकार खाली कोपऱ्यात एवढासा. ज्या मासिकासाठी काढला त्यांनी तो घेतला नव्हता, आज न्यूमन म्हटलं की लोकांना तोच आठवतो. म्हणजे परीक्षकांचा शब्द शेवटचा नसतो हेही लक्षात ठेवा.

पण तुमच्या बाबतीत परीक्षक बरोबर होते असं मला वाटतं, कारण तुम्ही काकांना वाजवू नका म्हणालात. नुसतं वाद्य धरून बसलेल्या वादकाचे खांदे वेगळे असतात, मान वेगळी असते. पुढच्या वेळी प्रिंट दाखवताना कुणालाही "कसा आहे" विचारू नका. "नजर आधी कुठं गेली, मग कुठं" एवढंच विचारा, माणसं भिडेपोटी छान म्हणतात पण नजर कुठं गेली ते खरं सांगतात.

उजेडवेडा
ताई, तुमचं वाचून रात्रभर चैन पडलं नाही. मी डाग समजून जे काढलं ते काय होतं हे आता कळलं. सकाळी जाऊन काकांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले "अरे तुला कसं माहीत असणार", आणि बोटं पुढं करून दाखवली. रविवारी परत बोलावलंय.

उजेडवेडा
रविवारी गेलो होतो, नवा फोटो खाली टाकलाय. पहिला तासभर कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही, खाली सतरंजीवर बसून रियाज ऐकला. ट्यूनिंगलाच वीस मिनिटं गेली, एकेक तरफ कान लावून. डबीतली पावडर बोटांना लावली तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात तिचा छोटा ढग उठला, तो नाही मिळाला, हात रिकामे होते. मग ट्रायपॉड लावला, अडीच मीटर, एफ ५.६, १/६०, आयएसओ १०००. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं चालू होतं, लांब स्वर असला की डावा हात अगदी स्थिर राहतो आणि गज मात्र चालू असतो, त्यामुळे गज किंचित हललेला आलाय आणि बोटं शार्प. डोळे मिटलेले आहेत. फ्लिप नाही, रिटचिंग नाही, फक्त थोडा कॉन्ट्रास्ट.

काल प्रिंट दिली. काकांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बोटांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हा कोमल गंधार आहे."

तरफेची_तार
वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या गुरुजींना दाखवू का हा फोटो?

उजेडवेडा
काकांना विचारून सांगतो. आणि एफ_आठ, बारा बाय अठरा इंची प्रिंट काढायची म्हणतोय, मॅट पेपरवर, आयएसओ १००० ला चालेल ना?

एफ_आठ
आरामात चालेल. ग्लॉसी घेऊ नकोस, खिडकीसमोर लावलीस तर नुसती चमकेल. कडेला थोडा पांढरा बॉर्डर सोड म्हणजे फ्रेमवाला गजाचं टोक कापणार नाही.