ई-फेडमध्ये पहिलं आरपी कसं लिहायचं? शुक्रवारपर्यंत मदत हवी आहे

टॉपरोप
मंडळी, अर्जंट आहे. शुक्रवारी रात्री डेडलाइन आणि माझं आरपी दोन परिच्छेदांतच आटपतंय. फॉर्म एकदा परत आला होता, दुरुस्त करून पाठवलाय. समोरचा जुना हँडलर आहे, त्याचं वाचून घाम फुटला. कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. 'आधी वाचन वाढव' छाप सल्ले नकोत.

निवांत_पाटील
आरपीएफचा फॉर्म का? माझ्या भाच्याचाही परत आलेला, फोटोची साइझ चुकली होती. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घ्या, पन्नास रुपये घेतो पण काम चोख.

टॉपरोप
नाही हो काका. ई-फेड. डब्ल्यूडब्ल्यूईसारखं, पण सगळं लिहायचं. फॉर्म भरून आपण एक पैलवान तयार करायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. ते लिखाण म्हणजे आरपी, रोलप्ले. लिहिणारा तो हँडलर.

लाल_माती
पैलवान तयार करायचा तर तालमीत जावं लागतं, कीबोर्डवर होत नाही. वय-वजन सांगा. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, वर्षभर तरी फक्त पट काढायला शिकायचं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते असले फॉर्म भरून नाही.

काउंटआऊट
@लाल_माती, धागा वाचलात का?
@टॉपरोप, यावर कोणी काय सांगणार? फेड कुठल्या प्रकारचं आहे? आरपी वाचून जज विजेता ठरवतात, सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटर निकाल देतो, की अँगल फेड आहे, म्हणजे निकाल आधी ठरवून सगळे मिळून गोष्ट लिहितात? शब्दमर्यादा किती? एका शोला किती आरपी चालतात? समोरच्याचं कॅरेक्टर काय? आणि फॉर्म परत का आला?

टॉपरोप
जज ठरवतात. एकच आरपी, ३००० शब्दांपर्यंत. समोरचा म्हणजे म्हातारा बॉक्सर, आता रेसलिंगमध्ये आलाय. फॉर्मचं सोडा, त्यांचं काहीतरी फालतू होतं.

काउंटआऊट
तेच फालतू इथे टाक.

बुकरबाबा
हे फेड-बिड सोड. टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग घे, अ‍ॅडम रायलंडचा गेम. अख्खी कंपनी तुझी, कोणाला जिंकवायचं तू ठरवणार, टीव्हीचा करार तू करणार. डेडलाइन नाही, जज नाही. मी रात्ररात्र खेळतो.

काउंटआऊट
त्याला लिहायचंय, बुकिंग करायचं नाहीये.

बुकरबाबा
लिहून काय मिळतं? सांगितलं आपलं.

झटपट
चॅटजीपीटीला सांग, दहा सेकंदांत ३००० शब्द. लोक उगाच त्रास करून घेतात.

तिसरी_दोरी
@झटपट, कित्येक फेडमध्ये यावर थेट बंदी आहे. आणि जज ओळखतात. अशा प्रोमोत, म्हणजे पैलवानाच्या डायलॉगबाजीत, प्रत्येक पैलवान 'अंधारातून उठलेलं वादळ' असतो.

टॉपरोप
माझ्याही प्रोमोत वादळ आहे. मी स्वतः लिहिलंय ते!!
बरं, फॉर्म टाकतो:
नाव: राख. उंची: ७ फूट २ इंच. गाव: पार्ट्स अननोन (म्हणजे अज्ञात). मुखवटा. फिनिशर (मॅच संपवणारा डाव): चार. कमजोरी: नाही.
त्यांचं उत्तर: फिनिशर एक ठेवा, कमजोरीचा रकाना भरा, मुखवटेवाले राक्षस आमच्याकडे आधीच तीन आहेत. आता मी कमजोरी 'राग' लिहिलीय.

तिसरी_दोरी
'राग' ही कमजोरी नव्हे, मुलाखतीत 'मी फार मेहनती आहे हा माझा दोष' म्हणतात त्यातला प्रकार. ज्याला काही होऊच शकत नाही त्याच्याविषयी दोन परिच्छेदांपुढे लिहिणार तरी काय? तुझा पैलवान कुठून आला, या धंद्यात का आला, त्याला काय टोचतं, हे ठरलं की शब्द कमी करावे लागतील.

लाल_माती
कोल्हापूरचा करा. शाहू महाराजांचं खासबाग मैदान, अंगाला लाल माती. फिनिशर धोबीपछाड. चार-चार कशाला, नीट बसला तर एकच डाव पुरे.

तिसरी_दोरी
अरे, हे खरंच चांगलं आहे.

न्यूजर्सीकर
मला नाही पटत. भारतीय म्हटलं की एकतर पगडी, नाहीतर खलीसारखा न बोलणारा राक्षस. जिंदर महाल २०१७ ला डब्ल्यूडब्ल्यूईचा चॅम्पियन झाला, पण कॅरेक्टर काय तर 'मॉडर्न डे महाराजा'. आता आपणच आपल्याला मातीत घोळवायचं? हिंजवडीतला टेस्टर का नको?

लाल_माती
टेस्टर धोबीपछाड मारणार?

न्यूजर्सीकर
आणि हे सगळं खोटंच आहे की. १९८९ मध्ये आमच्या न्यू जर्सीत डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांच्याच कंपनीने सांगितलं, ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. सरकारी नियमांतून सुटायला.

निवांत_पाटील
खोटं कसं? दारासिंग आणि किंगकाँगची कुस्ती आमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेली.

काउंटआऊट
तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या, हात जोडतो.
@टॉपरोप, आरपीत साधारण दोन भाग असतात. ऑफ-कॅमेरा: पैलवानाचं खाजगी आयुष्य, गोष्टीसारखं लिहायचं. ऑन-कॅमेरा: प्रोमो, म्हणजे कॅमेऱ्यात बघून प्रतिस्पर्ध्याशी बोलायचं. बॉक्सरच्या आरपीत दोन्हीकडे काय आहे?

टॉपरोप
ऑफ-कॅमेरात तो मुलीला फोनवर सांगतो की हा शेवटचा सीझन, गुडघा गेलाय. प्रोमोत म्हणतो, मी तीस वर्षं ठोसे खाल्लेत, हा पोरगा काय मारणार. मी त्या फोनवरूनच त्याला घेतोय. 'मुलीसमोर रडतोस!' वगैरे. भारी आहे ना?

काउंटआऊट
नाही. तो फोन तू वाचलास, तुझ्या राखने ऐकलेला नाही. ऑफ-कॅमेरातलं प्रोमोत वापरलं की जज तिथेच गुण कापतात.

बुकरबाबा
आमच्या जुन्या फेडमध्ये चालायचं.

काउंटआऊट
तुम्ही तर लिहायचंच नाही म्हणत होतात.
तुझ्या फेडचे नियम बघ, पण बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्याच्या पैलवानाला मार खाऊन पळतानाही लिहू नकोस. दुसऱ्याचं कॅरेक्टर परवानगीशिवाय हलवायचं नाही. मॅच लिहिण्याचं काम फेडवाल्यांचं.

तिसरी_दोरी
प्रोमोत जे तो उघड बोललाय ते धर. १९९६ ची किंग ऑफ द रिंग स्पर्धा आठव. जेक रॉबर्ट्स तेव्हा बायबलची वचनं सांगत फिरायचा. स्टीव्ह ऑस्टिनने फायनलमध्ये त्याला हरवल्यावर तेच बायबल पकडलं आणि 'जॉन ३:१६' या वचनाच्या चालीवर 'ऑस्टिन ३:१६' तिथेच जन्मलं. मी फार भयंकर आहे, हे कोणीही म्हणेल. समोरच्याचंच वाक्य त्याच्यावर उलटवायचं. नमुन्यादाखल, मला सुचलं तसं:

'तीस वर्षं ठोसे खाल्लेस म्हणतोस. बरोबर आहे. पण तीस वर्षांत दर तीन मिनिटांनी घंटा वाजली आणि कोपऱ्यात तुझ्यासाठी कोणीतरी स्टूल ठेवलं. आमच्या आखाड्यात घंटा नव्हती. पाठ मातीला लागेपर्यंत कोणी थांबवायचं नाही. रविवारच्या मॅचमध्ये बसावंसं वाटेल तुला. स्टूल शोधशील.'

टॉपरोप
बाप रे. हेच टाकू का?

तिसरी_दोरी
अजिबात नाही. आणि फेडचं इंग्रजीत असेल ना? घरी बोलतोस तसं आधी मराठीत लिहून काढ, मग इंग्रजी कर. व्याकरण थोडं चुकलं तरी पैलवान तसाच बोलतो असं धरून घेतात.

सहावी_शिटी
एक विचारू? शुक्रवार कोणाचा? अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेने रात्री ११:५९ असेल तर आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊ होतात, थंडीत साडेदहा. आणि आरपी टाकलंच नाही तर नो-शो धरून थेट पराभव.

टॉपरोप
!!! ईस्टर्नच लिहिलंय. म्हणजे अख्खी रात्र मिळाली.

टॉपरोप (शनिवार)
टाकलं. मुखवटा काढला, फिनिशर धोबीपछाड. गाव मात्र इचलकरंजी केलं, रात्रपाळीच्या लूमवर काम करणारा. कमजोरी: डाव्या कानाने ऐकू येत नाही. फॉर्म पास झालाय.

लाल_माती
इचलकरंजी चालेल.

न्यूजर्सीकर
हे टेस्टरपेक्षा बरं आहे, मान्य.

टॉपरोप
आता पुढच्या महिन्यात टॅग टीम, म्हणजे जोडीची स्पर्धा आहे. कोणी मराठी हँडलर पार्टनर म्हणून येईल का? लवकर सांगा.

काउंटआऊट
आरपी दोघांनी मिळून एक, की प्रत्येकी एक? आणि तारीख?